सिबिल दुरुस्तीचं पत्र: कुणाला, कशासाठी आणि कोणत्या शब्दांत

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहकर्जाचा अर्ज बँकेनं नाकारला. सिबिलचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा, स्कोअर ५९१ निघाला. अहवालात दोन नोंदी आडव्या आल्या आहेत. २०१६ साली घेतलेल्या दुचाकीच्या कर्जाचे सगळे हप्ते भरले, तरी त्यापुढे 'रिटन ऑफ' दिसतंय. दुसरी नोंद क्रेडिट कार्डाची. २०२१ मध्ये नोकरी गेली तेव्हा कार्डाची थकबाकी बँकेशी तडजोड करून मिटवली, तिथं 'सेटल्ड' लिहिलंय. एक एजंट पंधरा हजार रुपयांत सगळं साफ करून देतो म्हणतो. त्याला पैसे द्यावेत की स्वतः पत्र लिहावं, आणि लिहायचं तर कसं?

स्वतः लिहा. एजंटाकडे तुमच्याकडे नसलेला एकही अधिकार नाही. तोसुद्धा पत्रच लिहितो किंवा वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म भरतो, आणि त्यासाठी तुमचा पॅन, मोबाइलवर आलेला ओटीपी आणि पूर्ण अहवाल मागतो. त्या अहवालात तुमचा पत्ता, जन्मतारीख, सगळी कर्जखाती असतात. हे कागद अनोळखी माणसाच्या हातात देऊ नका.

मी एका नागरी सहकारी बँकेत सव्वीस वर्षं कर्ज आणि वसुली विभागात होते. अशी पत्रं टेबलाच्या पलीकडून शेकड्यांनी वाचली. निवृत्तीनंतर आता लोकांना ती लिहायला मदत करते. त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवातून सांगते, तुमच्या दोन नोंदी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांना एकच पत्र चालणार नाही. दुचाकीची नोंद चुकीची आहे. कार्डाची नोंद खरी आहे. चुकीची नोंद दुरुस्त करून मागणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. खऱ्या नोंदीबाबत तुम्ही फक्त प्रस्ताव मांडू शकता. बहुतेक पत्रं इथंच फसतात. दोन्ही गोष्टी एका कागदावर येतात, हक्काच्या जागी विनवणी होते आणि विनंतीच्या जागी धमकी. वाचणाऱ्याला नेमकं काय करायचंय तेच कळत नाही, आणि पत्र फाइलला लागतं.

आधी लेखणी कुणाच्या हातात आहे ते समजून घ्या. लोक सिबिलला पत्र लिहितात आणि 'तुम्ही माझा स्कोअर बिघडवला' म्हणतात. सिबिल स्वतःहून काहीच लिहीत नाही. कर्ज देणारी बँक किंवा वित्तकंपनी जी माहिती पाठवते, ती तिथं साठते. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार तुम्ही दुरुस्ती मागू शकता आणि त्यावर तीस दिवसांत कार्यवाही व्हायला हवी. मात्र त्याच कलमात अशीही अट आहे की कर्ज देणाऱ्या संस्थेनं ती दुरुस्ती बरोबर असल्याचं प्रमाणित केल्याशिवाय पतमाहिती कंपनी, म्हणजे सिबिलसारखी संस्था, नोंद बदलू शकत नाही. म्हणून मुख्य पत्र कर्ज देणाऱ्याला जातं. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीच्या वेबसाइटवर वाद नोंदवायचा, म्हणजे दोन्हीकडून चक्र फिरतं आणि तारखेचा पुरावाही दोन ठिकाणी तयार होतो.

पतमाहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्याकडे सगळ्यांनाच 'सिबिल' म्हणायची सवय आहे, पण तुमची नवी बँक यांपैकी कुणाचाही अहवाल काढू शकते. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. चारही अहवाल काढा. एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

अहवाल हातात आल्यावर लगेच पत्राला बसू नका. पेन घेऊन तो वाचा. वरच्या बाजूला कंट्रोल क्रमांक असतो, तो पत्रात लागतो. प्रत्येक खात्यापुढे कर्ज उघडल्याची तारीख, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख आणि माहिती शेवटची कधी कळवली ती तारीख असते. खाली ३६ महिन्यांच्या चौकटी असतात आणि त्यांत हप्ता किती दिवस उशिरा आला ते आकड्यांत दिसतं. बँकेचं नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणून 'हे कर्ज माझं नाही' असं लिहून टाकू नका. मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जात अ‍ॅपचं नाव एक असतं आणि प्रत्यक्ष पैसे देणारी वित्तकंपनी दुसरी असते. अहवालात त्या कंपनीचं नाव येतं. तसंच जुनं थकीत कर्ज बँकेनं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं असलं, तर आता तिचं नाव दिसतं. अशा वेळी पत्र दोघांनाही पाठवावं लागतं.

आता दुचाकीचं बघू. 'रिटन ऑफ'ला आमच्या कागदांवर 'निर्लेखित' म्हणतात. बँकेनं ते येणं हिशेबातून बाजूला काढलं, एवढाच त्याचा अर्थ. कर्ज माफ झालं असा तो नव्हे. सगळे हप्ते भरूनही ही नोंद कशी येते? शेवटच्या एखाद्या हप्त्याचा चेक परत गेलेला असतो. हप्ता तुम्ही नंतर रोखीनं भरता, पण चेक परत गेल्याचा दंड तीन-चारशे रुपये खात्यावर तसाच राहतो. त्यावर व्याज चढत जातं, खातं बंद होत नाही आणि तीन-चार वर्षांनी ते निर्लेखित खात्यांच्या यादीत जातं. दुसरं कारण, वसुलीसाठी घरी आलेल्या माणसाकडे पैसे दिलेले असतात, पावतीही मिळालेली असते, पण रक्कम खात्यावर चढलेलीच नसते. म्हणून पत्राआधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडून त्या खात्याचा पूर्ण उतारा मागा. उताऱ्यात कुठली रक्कम शिल्लक दिसते ते कळलं, की पत्रातलं निम्मं काम झालं. आणि त्यातून खरोखरच कर्ज निर्लेखित झाल्यानंतर तुम्ही पैसे भरलेत असं निघालं, तर 'कधीच थकलं नाही' असं लिहू नका. तेव्हा 'पैसे या तारखेला पूर्ण भरले, शिल्लक शून्य दाखवा आणि खातं बंद झाल्याची नोंद करा' एवढंच मागा. ते मिळतं.

पुराव्यात सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कंपनीचा ना-हरकत दाखला. सहकारी बँकांमध्ये त्याला बेबाकी दाखला किंवा निल दाखलाही म्हणतात. तो हरवला असेल तर घाबरू नका. दुचाकीच्या आरसीवर कंपनीचा बोजा चढवलेला असतो आणि तो उतरवायला आरटीओत फॉर्म ३५ लागतो. त्या फॉर्मवर कर्ज देणाऱ्याची सही असते. बोजा उतरलेली आरसी म्हणजे त्या कंपनीनंच 'आमचं काही येणं नाही' असं सरकारी कार्यालयात लिहून दिल्याचा पुरावा. हा कागद पत्राला जोडायचं फार कमी लोकांना सुचतं. मी वसुलीत असताना असा कागद समोर आला, की आम्हाला वाद घालायला जागाच उरत नसे. जोडीला पासबुकाची शेवटच्या हप्त्यांची पानं लावा.

पत्र एका पानाचं असावं आणि ते कर्ज देणाऱ्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला जावं. असं लिहा:

प्रति,
नोडल अधिकारी, …… (कंपनीचे नाव व पत्ता)

विषय: दुचाकी कर्ज खाते क्र. ……, पतमाहिती अहवालातील चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,
वरील कर्ज मी दि. …… रोजी घेतले व दि. …… रोजी शेवटचा हप्ता रु. …… भरून पूर्ण फेडले. आपण दि. …… रोजी दिलेला ना-हरकत दाखला सोबत जोडला आहे (जोडपत्र १). वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील आपला बोजाही उतरवलेला आहे (जोडपत्र २).

ट्रान्सयुनियन सिबिलच्या दि. …… च्या अहवालात (कंट्रोल क्र. ……) याच खात्याची स्थिती 'रिटन ऑफ' व शिल्लक रु. …… अशी दाखवली आहे (जोडपत्र ३, खूण केलेली ओळ). ही नोंद चुकीची आहे.

या खात्याची स्थिती 'क्लोज्ड', शिल्लक शून्य व थकीत रक्कम शून्य अशी दुरुस्त करून चारही पतमाहिती कंपन्यांना कळवावी, ही विनंती. कळवल्याची तारीख मला लेखी द्यावी. दुरुस्ती अमान्य असल्यास तिचे कारण लेखी द्यावे.

ही विनंती पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ अन्वये केली आहे. तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या पतमाहितीविषयक निर्देशांनुसार देय होणारी भरपाई माझ्या पुढील खात्यात जमा करावी: …… 

आपला/आपली,
(नाव, सही, पत्ता, मोबाइल, ई-मेल, पॅन)

या पत्रात राग, दुःख, 'मी आपला जुना आणि प्रामाणिक ग्राहक' यांपैकी काहीच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हे पत्र ज्याच्या टेबलावर जातं तो कारकून दिवसभर अशीच पत्रं हाताळतो. त्याला खाते क्रमांक हवा असतो, आत्ता काय दिसतंय आणि काय दिसायला हवं हे हवं असतं, आणि वरिष्ठांपुढे ठेवायला एक कागद हवा असतो. हे सगळं पहिल्या नजरेत सापडलं तर तो तुमचं पत्र त्याच दिवशी पुढं सरकवतो. अहवालाच्या पानावर चुकीच्या ओळीला लाल पेनानं खूण करायला विसरू नका. वीस पानांच्या अहवालात ती ओळ त्यानं शोधत बसावी अशी वेळ आणू नका.

शाखा गावातली असेल तर मराठीत लिहिलेलं पत्र उत्तम. पण माहितीच्या दुरुस्तीचं काम बहुतेक ठिकाणी मुख्य कार्यालयात होतं आणि तिथला माणूस मराठी असेलच असं नाही. म्हणून त्याच मजकुराची इंग्रजी प्रत सोबत लावा. मुलाकडून, भाचीकडून लिहून घ्या, वाक्यं साधी ठेवा.

पत्र हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तरी नाही. पोस्टानं पाठवत असाल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच ठेवा. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे जुन्या सवयीनं वेगळं रजिस्टर मागायला जाऊ नका. तेच पत्र कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याच्या ई-मेलवरही धाडा. यानंतर सगळं दिवसांवर चालतं, म्हणून पहिली तारीख पक्की हवी.

दिवसांचा हिशेब असा. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती सुटायला हवी. त्यात कर्ज देणाऱ्या संस्थेनं २१ दिवसांत सुधारित माहिती पतमाहिती कंपनीला द्यायची असते. तिनं उशीर केला तर भरपाई तिनं द्यायची. तिनं वेळेत देऊनही पतमाहिती कंपनी रेंगाळली, तर ती त्या कंपनीनं द्यायची. भरपाई दर दिवसाला १०० रुपये. समजा तुमची तक्रार ७४ व्या दिवशी सुटली, तर वरच्या ४४ दिवसांचे ४,४०० रुपये होतात. तक्रार सुटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ते तुमच्या खात्यात यायला हवेत. रक्कम मोठी नाही, पण पत्रात त्या निर्देशांचा उल्लेख दिसला की तुम्हाला नियम ठाऊक आहे हे समोरच्याला कळतं, आणि बँकेच्या आत अशा भरपाईचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. स्कोअर कसा काढला याबद्दलच्या वादाला तो लागत नाही. तेव्हा 'माझा स्कोअर कमी का' हे वाक्य पत्रात कुठेच नको. जी नोंद चुकलीय तिच्याबद्दलच बोला.

एकतिसाव्या दिवशी उत्तर नसेल, किंवा 'आमच्या नोंदीप्रमाणे बरोबर आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. पोर्टल जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्रीय तक्रार कक्षाला टपालानं पाठवा. तिथं कुठल्याही भाषेतलं पत्र घेतात, मराठीसुद्धा. माहिती विचारायला १४४४८ हा क्रमांक आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेत आल्या आहेत, त्यामुळे कर्ज देणाऱ्यानं दुरुस्ती पाठवूनही एखाद्या अहवालात ती उमटली नाही तर त्या पतमाहिती कंपनीविरुद्धही तक्रार होते. लोकपालाला नवी कहाणी लिहायची नाही. पहिलं पत्र, त्याची पोच, आलेलं उत्तर किंवा उत्तर आलं नाही ही गोष्ट, आणि तीच एक मागणी. घाई करून आधीच ग्राहक न्यायालयात गेलात तर हा रस्ता बंद होतो.

आता क्रेडिट कार्ड. इथं मला तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगायची आहे. 'सेटल्ड' ही नोंद चुकीची नाही. तुम्ही थकलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम भरली आणि बँकेनं उरलेली सोडली, हेच ती सांगते. नोकरी गेली होती हे खरं आहे, पण त्यामुळे ती नोंद खोटी होत नाही. 'कृपया काढून टाका' म्हणून लिहिलेल्या पत्राला बँक नकारच देईल आणि तो नकार नियमाला धरूनच असेल, कारण खरी माहिती कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. इंटरनेटवर '६०९ चं पत्र' म्हणून जे नमुने फिरतात, ते अमेरिकेच्या कायद्यातल्या कलमाचे आहेत. तिथं त्या कलमानं ग्राहकाला स्वतःची माहिती मागण्याचा हक्क मिळतो. आपल्याकडे त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. असं पत्र बँकेत आलं की ते कुठून उतरवलंय हे लगेच समजतं आणि तुमच्या खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

मग काय करता येतं? तडजोडीत बँकेनं सोडलेली रक्कम आता भरण्याचा प्रस्ताव द्या. बऱ्याच बँका तो स्वीकारतात आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवतात. हा तुमचा हक्क नाही, बँकेची मान्यता लागते. पत्रात लिहा की दि. …… च्या तडजोडपत्रानुसार रु. …… भरून हे खातं मिटवलं, त्या वेळी सोडलेली रक्कम किती होती ते कळवावं, ती एकरकमी भरायची माझी तयारी आहे, आणि भरल्यावर खात्याची स्थिती 'क्लोज्ड', शिल्लक शून्य अशी चारही कंपन्यांना कळवली जाईल असं लेखी मिळावं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लेखी उत्तर बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ई-मेलवरून हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. वसुली एजन्सीतल्या माणसानं फोनवर 'साहेब, भरा, आठ दिवसांत क्लीन होईल' म्हटलेलं उद्या कुणी मान्य करत नाही. फोन झालाच तर त्याच संध्याकाळी बँकेला ई-मेल करा: आज इतक्या वाजता आपल्या प्रतिनिधीनं असं सांगितलं, ते बरोबर आहे का ते कळवावं. रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन थेट कार्ड खात्यात भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही, आणि नंतर बेबाकी दाखला घ्या.

ज्यांचं कर्ज तडजोडीनंही मिटलेलं नाही, नुसतंच थकून पडलंय, त्यांनी इथं एक सावधगिरी बाळगायची. विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती मुदत संपण्याआधी तुम्ही सही करून 'माझं इतकं देणं आहे' असं लिहून दिलंत, तर मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजली जाते. देणं बुडवा असं मी सांगत नाही. पैसे भरायची तयारी असेल तर जरूर लिहा. पण नुसती माहिती विचारायला पाठवलेल्या पत्रात सहज म्हणून देणं कबूल करू नका. माहितीच हवी असेल तर 'माझ्या नावे आपण दाखवत असलेल्या रकमेचा तपशील द्यावा' असं लिहा.

कार्डाचा आणखी एक प्रकार हल्ली वारंवार दिसतो. घरी आलेलं कार्ड कधी चालूच केलं नाही, तरी वार्षिक फी थकली म्हणून अहवालात नोंद होते. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार, कार्ड चालू होण्याआधी त्याची माहिती पतमाहिती कंपन्यांना कळवायचीच नसते. इथं पत्र चार ओळींत होतं: कार्ड कधीच चालू केलं नाही, चालू केल्याचा पुरावा असेल तर दाखवावा, फी रद्द करावी, नोंद काढावी. 'कधी आलं ते आठवत नाही, बहुतेक वापरलं नसावं' असलं मोघम नको.

एका शेतकऱ्याची गोष्ट सांगते, म्हणजे 'हे कर्ज माझं नाही' हे पत्र कसं लिहायचं ते कळेल. त्यांच्या अहवालात ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज होतं. त्यांनी ट्रॅक्टर कधीच घेतला नव्हता. तालुक्यात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दुसरे गृहस्थ होते आणि दोघांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडच्या जुन्या माणसांना याचं कारण सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला १ जून दिली. कर्ज देणाऱ्यानं त्या दुसऱ्या खात्याला पॅन लावलाच नव्हता, म्हणून नाव आणि तारीख जुळली आणि दोन माणसांची माहिती एका अहवालात मिसळली. त्यांनी आधी तीनदा पत्रं लिहिली होती: 'मी असं कर्ज घेतलेलं नाही, चौकशी व्हावी.' तीनदा 'नोंद बरोबर आहे' असंच उत्तर आलं, कारण ट्रॅक्टरचं खातं खरंच अस्तित्वात होतं. चौथ्या पत्रात आम्ही मागणी बदलली. त्या कर्जाचा अर्ज, त्यावरचा फोटो, सही आणि ओळखपत्राची प्रत मागितली. सोबत यांचा पॅन, आधारचे शेवटचे चार आकडे, सातबारा आणि सहीचा नमुना दिला. वडिलांचं नाव वेगळं होतं, ते ठळक अक्षरांत लिहिलं. दोन महिन्यांनी ते खातं अहवालातून निघालं. तक्रार चारही वेळा तीच होती. चौथ्या वेळी समोरच्याला दोन फोटो शेजारी ठेवून बघावेच लागले.

जामीनदारांनीही अहवाल काढत जावा. मित्राच्या, मेव्हण्याच्या कर्जाला सही केली की ते कर्ज तुमच्याही अहवालात जामीनदार म्हणून येतं. तिथं 'मी फक्त साक्षीची सही केली' या पत्राचा उपयोग होत नाही. खरा उपयोग कर्जदाराच्या थकबाकीचा उतारा मागून त्याला वेळेत भरायला लावण्याचा.

आता तुमच्या घराकडे येऊ. तिसरं पत्र नव्या बँकेसाठी आहे आणि नोकरी गेल्याची हकीकत तिथं सांगायची. पहिल्या दोन पत्रांत जी जागा तिला नव्हती, ती इथं आहे, कारण गृहकर्ज मंजूर करणारा माणूस तुमची परतफेडीची तयारी जोखत असतो. पण तीही तारखांनी सांगा: नोकरी कधी सुटली, पुन्हा कधी लागली, त्यानंतरचे सगळे हप्ते आणि बिलं वेळेवर कशी गेली, कार्डाची उरलेली रक्कम कधी भरली. सोबत नोकरी सुटल्याचं पत्र, नव्या नोकरीचं नेमणूकपत्र, गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा आणि बेबाकी दाखला. अर्ध्या पानात बसवा. मंजुरीच्या टिपणात अधिकाऱ्याला ते जसंच्या तसं उतरवता आलं पाहिजे. मी स्वतः अशी पत्रं टिपणाला जोडून कर्जं पुढं पाठवली आहेत.

कार्डाची उशिराची जुनी चिन्हं ३६ महिन्यांच्या चौकटींत काही काळ राहतील, आणि 'क्लोज्ड' झाल्याच्या दुसऱ्या दिवशी स्कोअर उडी मारणार नाही, हे लक्षात असू द्या. बँका ठरावीक दिवसांनी माहिती पाठवतात. दुरुस्ती कळवल्याचं पत्र आलं की साधारण महिनाभरानं चारही अहवाल पुन्हा काढा. तोवर कुठेही नवा अर्ज करू नका. प्रत्येक अर्जामागे अहवालात चौकशीची एक नोंद वाढते, आणि महिन्याभरात चार-पाच चौकशा दिसल्या की कर्ज देणारा बिचकतो.

सुरुवात दुचाकीपासून करा. आरसी शोधा, बोजा उतरलाय का बघा आणि कंपनीकडे खात्याचा उतारा मागणारा ई-मेल आजच टाका. कार्डाचं पत्र त्याच्या मागोमाग गेलं तरी चालेल.